मुंबई–नागपूर : अंतर, वेळ आणि थांबा

चिखली आणि मेहकर यांच्या मधल्या शिवारात रात्रीच्या वेळी पिकाची राखण करीत बसलेल्या शेतकऱ्याच्या कानांवर मधूनमधून एक दूरची घरघर येते. तो वर पाहतो. चांदण्यांच्या गर्दीतून एक तांबडा दिवा लुकलुकत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो आणि दहा मिनिटांच्या आत क्षितिजाआड होतो. विमान मुंबईहून निघून नागपूरला चाललेले असते. आतील प्रवाशाला खाली बुलढाणा जिल्हा आहे याची वार्ताही नसते. वेळापत्रकात त्याचा प्रवास दीड तासाचा लिहिलेला असतो. खालच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या डोक्यावरून गेलेल्या त्या विमानात बसावयाचे असेल, तर त्या दीड तासापूर्वी कित्येक तासांचा रस्ता तुडवावा लागतो.

अंतर आणि वेळ यांचा हिशेब कोठे उभे राहून करावयाचा, यावर त्याचे उत्तर कसे अवलंबून असते, याचे हे साधे उदाहरण होय. मुंबई आणि नागपूर ही महाराष्ट्राची दोन टोके. त्यांना जोडणारे तीन मोठे मार्ग गेल्या दीडशेपेक्षा अधिक वर्षांत निर्माण झाले : आगगाडीचा, विमानाचा आणि अलीकडचा समृद्धी महामार्ग. हे तिन्ही मार्ग बुलढाणा जिल्ह्यातून किंवा त्याच्यावरून जातात. दोन टोकांमधले अंतर कसे कमी होत गेले, याचा इतिहास सर्वत्र अभिमानाने सांगितला जातो. मधल्या मुलुखाच्या वाट्याला त्यातून काय आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठी बुलढाण्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

प्रथम हवाई अंतराचा विचार करू. दोन विमानतळांमधील अंतर कोणी दोरी लावून मोजलेले नसते. ते अक्षांश आणि रेखांश यांवरून गणिताने काढलेले असते. शाळेतील भूमितीच्या बळावर ते घरबसल्या काढता येते. मुंबईचा विमानतळ १९·०९ उत्तर अक्षांशावर आणि ७२·८७ पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा २१·०९ अक्षांशावर आणि ७९·०५ रेखांशावर. म्हणजे नागपूर मुंबईच्या उत्तरेस दोन अंश आणि पूर्वेस सहा अंशांहून थोडे अधिक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो, म्हणून उत्तरेकडची बाजू सुमारे २२२ किलोमीटर झाली. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसतसा आखूड होत जातो. या भागात तो साधारण १०४·६ किलोमीटरांचा भरतो. म्हणून पूर्वेकडची बाजू सुमारे ६४६ किलोमीटर झाली. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंवरून कर्ण काढला असता तो ६८३ किलोमीटर येतो. पृथ्वीच्या गोलाईचा काटेकोर हिशेब घेऊनही उत्तरात फारसा फरक पडत नाही. सव्वाचारशे मैलांचा हा कर्ण होय.

हा कर्ण नकाशावर आखून पाहिला, तर तो अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि जालना या जिल्ह्यांच्या बाजूने येत देऊळगाव राजाच्या उत्तरेस बुलढाणा जिल्ह्यात शिरतो, चिखलीला डावीकडे आणि मेहकरला उजवीकडे ठेवून पुढे जातो आणि अकोला जिल्ह्याकडे निघून जातो. विमाने नेहमी काटेकोरपणे याच रेषेवरून उडतात असे नव्हे. हवामान, इतर विमानांची गर्दी आणि नियंत्रकांच्या सूचना यांप्रमाणे त्यांना थोडे इकडेतिकडे व्हावे लागते. परंतु या रेषेच्या आसपास आकाश निरभ्र असता उजव्या खिडकीतून पाहणाऱ्याला दूरवर लोणारचे गोल सरोवर दिसू शकते. आकाशातून वेगाने आलेल्या आणि या जिल्ह्यात खरोखर उतरलेल्या पाहुण्याची ती खूण आहे. जवळजवळ १·८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने झालेले आहे.

असे गणित आज सोपे वाटते, कारण अक्षांश आणि रेखांश यांचे पक्के आकडे हाताशी आहेत. ते आकडे मिळविण्यासाठी माणसांना आयुष्ये वेचावी लागली. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केले. टेकडीवरून टेकडीकडे दुर्बीण लावून कोन घ्यावेत, त्रिकोणामागून त्रिकोण रचावेत आणि देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकत जावे, अशी ती रीत होती. पावसाळी ताप, जंगल आणि उन्हातील झळा यांनी माणसे खचत. लॅम्बटन स्वतः १८२३ च्या जानेवारीत वर्ध्याजवळच्या हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्टने वऱ्हाड ओलांडून उत्तरेकडे नेले. आज वैमानिकासमोरच्या पडद्यावर उमटणारा अंतराचा आकडा उपग्रहांच्या साहाय्याने येतो. पण पृथ्वीचा आकार आणि देशाचा नकाशा यांविषयीच्या ज्या ज्ञानावर तो उभा आहे, त्याचा एक पाया विदर्भाच्या मातीत घातला गेलेला आहे.

आता आगगाडीपूर्वीच्या काळाकडे वळू. त्या काळी वऱ्हाडचा माल मुंबईकडे न जाता पुष्कळ वेळा उलट दिशेने जाई, हे ऐकून आज नवल वाटेल. वऱ्हाडातील कापूस वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत नेला जात असे आणि तेथून नावेने बंगालकडे जाई. मुंबई नकाशावर जवळ होती. वाटेने मात्र तितकी जवळ नव्हती. मध्ये सह्याद्रीचा कडा उभा होता, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडीचे चाक आसापर्यंत रुतत असे. बैलगाडी दिवसाकाठी दहा-बारा मैल चालते असे धरले, तर नागपूर ते मुंबई हा पाचशे मैलांचा प्रवास दीड महिन्याचा होतो. नद्यांना पूर आले तर किती दिवस वाढतील याचा नेम नाही. वाटेत कापसाला पाणी लागे, धूळ बसे, वजन कमी होई. तरीही त्या प्रवासाचा एक गुण होता. बैलाला रोज रात्री विसावा लागतो. म्हणून मार्गावरील गावोगावी तळ पडे, वैरण विकली जाई, लोहाराला काम मिळे आणि देशोदेशींच्या वार्ता समजत. अंतर फार मोठे होते. परंतु मुक्कामाचे गाव कोणी सहज ओलांडून जात नसे.

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. हे दोन प्रसंग एकाच वर्षी घडावेत हा योगायोग असला, तरी पुढे त्यांची सांगड घातली गेली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. रेल्वेच्या बांधणीला त्यामुळे अधिकच निकड प्राप्त झाली. थळघाट चढून जाणारा मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी नागपूरला पोहोचली.

हा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे. सरळ रेषेपेक्षा तो दीडशे किलोमीटरांहून अधिक लांब का पडला? अभियंत्यांना लांबीपेक्षा चढाची भीती अधिक वाटते. सह्याद्री ओलांडल्यावर गाडी सरळ पूर्वेकडे नेली असती, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेत बोगदे आणि पूल बांधीत बसावे लागले असते. त्याऐवजी मार्ग ईशान्येकडे वळवून भुसावळला तापीच्या खोऱ्यात उतरविला आणि तेथून पूर्णा नदीच्या सपाट काळ्या मैदानातून पूर्वेकडे नेला. बुलढाणा जिल्ह्याचे जे दोन नैसर्गिक भाग आहेत, त्यांचे भवितव्य या एका वळणाने वेगवेगळे झाले. घाटाखालच्या पायनघाटात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने झाली. घाटावरच्या बालाघाटात बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही गावे राहिली; त्यांना गाडीची शिट्टीही ऐकू आली नाही. जिल्ह्याच्या ठाण्याचा गाव बुलढाणा आजही रेल्वेवर नाही. तेथील माणूस राजूर घाट उतरून मलकापूरला येतो, तेव्हा त्याचा आगगाडीचा प्रवास सुरू होतो.

लोहमार्गावर ठिकाण असण्याचा अर्थ काय, हे खामगावाने दाखवून दिले. मुख्य मार्ग खामगावच्या उत्तरेकडून गेला होता. परंतु खामगाव ही कापसाची मोठी पेठ. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा बांधण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते तो खुला झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉयाने यावे, यावरून त्या आठ मैलांची किंमत कळून येते. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली, आणि सुएझचा कालवा तर आदल्याच वर्षी खुला झाला होता. लिव्हरपुलातील भाव आता तारेने मुंबईस येई आणि मुंबईहून खामगावास पोहोचे. बैलांच्या काळात ज्या पेठेला विलायतेची बातमी महिन्यांनी कळे, ती पेठ आता त्या बातमीवर सकाळचा सौदा करू लागली.

या जवळिकीचा लाभ झाला, तसा ताणही सोसावा लागला. कापसाखालची जमीन वाढली. व्यापारी, दलाल, सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने आले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, आणि त्याबरोबर सावकाराच्या वहीत त्याचे नावही चढले. अमेरिकन युद्ध संपून भाव कोसळले, तेव्हा दूरच्या बाजारातील घसरण घरच्या कणगीपर्यंत येऊन पोहोचली. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडची फार वाताहत झाली. आगगाडीने बाहेरचे धान्य येऊ शकत होते. परंतु स्टेशनापर्यंत आलेले धान्य विकत घेण्यास ज्याच्या गाठी पैसा नव्हता, त्याच्यापासून ते पूर्वीइतकेच दूर राहिले. तथापि गाडी थांबत होती, ही गोष्ट लहान नव्हे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून जो यात्रेकरू येतो, तो मुख्यतः त्या थांब्याच्या आधाराने येतो. गाडी शेगावला दोन-चार मिनिटेच उभी राहते. पण त्या मिनिटांवर एका गावाचे जीवन उभे राहिले.

वेळेच्या मोजणीलाही रेल्वेने शिस्त लावली. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहा अंशांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे नागपूरचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे पुढे असतो. जुन्या काळी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर घड्याळ लावी आणि त्यात कोणाचे काही बिघडत नसे. बैलाला पंचवीस मिनिटांचे सोयरसुतक नव्हते. परंतु एकाच रुळावरून दोन गाड्या धावू लागल्या, तेव्हा दोन स्टेशनमास्तरांची घड्याळे जुळणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र लागू केली. १९०६ च्या आरंभापासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली. मुंबई शहराने मात्र आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ सोडण्यास दीर्घकाळ नकार दिला. ‘मुंबई टाइम’ अखेर १९५५ साली संपला. तोपर्यंत मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या माणसाला प्रवासाची खरी लांबी काढण्यापूर्वी कोणते घड्याळ धरावयाचे, हे ठरवावे लागे.

विमानाची गोष्ट पत्रांपासून सुरू होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत पत्रांची थैली नेली. सरकारी टपाल विमानाने नेण्याचा हा जगातील पहिला प्रसंग मानला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. देशी हवाई वाहतुकीचा हा आरंभ होता. नागपूरचे महत्त्व पुढे ओळखले गेले. भारताच्या नकाशावर बोट ठेवून मध्य शोधला, तर ते नागपूरच्या आसपास पडते. शहरातील ‘झिरो माइल’चा दगडी स्तंभ त्रिकोणमितीय मोजणीची आठवण सांगत तेथे उभाच आहे.

स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाच्या आत, १९४९ च्या जानेवारीअखेर, या मध्यवर्ती स्थानाचा एक मोठा उपयोग करण्यात आला. रफी अहमद किडवाई हे त्या वेळी दळणवळणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. पत्रांच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत जात. संध्याकाळी कलकत्त्यात टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटले जाऊ लागले. त्याच वर्षी देशातील साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत अमलात आली. धनिकाची तार आणि गरिबाचे पत्र यांच्यातील अंतर त्यामुळे बरेच कमी झाले.

ती विमाने बहुधा डकोटा जातीची असत. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास असतो; म्हणून मुंबई ते नागपूर हे अंतर तोडण्यास तिला सुमारे अडीच तास लागत. ती आजच्या विमानांइतकी उंच उडत नसे. या सेवेचे विमान मुंबईकडून नागपूरला जाताना आणि पहाटे परतताना बुलढाण्याच्या आकाशाजवळून जाई. हे काम निर्धोक नव्हते. रात्री उतरण्याची पुरेशी साधने विमानतळांवर नसताना अशी सेवा सुरू करणे योग्य नाही, असे टाटांसारख्या जाणत्याचे मत होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि आतील जवळजवळ सर्व माणसे प्राणास मुकली. सकाळच्या टपालात आलेले एखादे पत्र वाचताना, ते आपल्यापर्यंत आणण्यासाठी कोणी काय पणाला लावले होते, याची कल्पना फारच थोड्यांना असे.

या सेवेने बुलढाण्याला काय दिले? मुंबईचे पत्र तर आगगाडीने एका रात्रीत मलकापूरला येतच होते. त्याला आकाशातून नेण्याचे कारण नव्हते. परंतु मद्रासेत किंवा कलकत्त्यात नोकरीस असलेल्या मुलाचे पत्र रात्रीतून नागपूरला येई आणि तेथून आगगाडीने मागे मलकापूर-शेगावकडे निघे. जे विमान जिल्ह्यावरून सरळ निघून गेले त्याचा काहीच उपयोग नाही, आणि जे चारशे किलोमीटरांच्या आतबाहेर कोठेतरी थांबले व आगगाडीला जोडले गेले, त्याचा मात्र उपयोग आहे, असा हा चमत्कारिक न्याय होता. त्या सेवेचे गमकही तेच होते. चार विमाने वेगाने उडत, हा तिचा अर्धाच भाग. ती एका ठिकाणी थांबत आणि एकमेकांची वाट पाहत, म्हणून ती सेवा होती. पुढे जलद विमाने आली, मोठी शहरे एकमेकांशी सरळ जोडली गेली आणि नागपूरचे हे मध्यरात्रीचे संमेलन कालांतराने बंद पडले.

आजचे विमान ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने जाते. ६८३ किलोमीटरांना त्या वेगाने एक्कावन्न मिनिटे पुरतात. मग वेळापत्रकात दीड तास का लिहिलेला असतो? कारण दारे बंद झाल्यापासून ती पुन्हा उघडेपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. विमान धावपट्टीपर्यंत चालत जाते, पुढच्या विमानांच्या मागे उभे राहते, उंची गाठताना आणि उतरताना हळू जाते, मुंबईवर गर्दी असेल तर आकाशातच घिरट्या घालते. हिवाळ्यात वरच्या थरांतील पश्चिमेचे वारे नागपूरकडे जाणाऱ्या विमानाला पाठीमागून हात देतात आणि परतणाऱ्याला समोरून अडवितात; म्हणून जाण्याची आणि येण्याची वेळही अगदी एक नसते. या दीड तासात घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास आणि तेथील तपासणीची वाट पाहणे मिळविले, तर मुंबईकराचे चार-पाच तास सहज होतात. बुलढाण्याच्या माणसाचा हिशेब यापुढचा आहे. जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ बुलढाण्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे पहिल्या आगगाडीच्या वाढदिवशीच, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. पण बालाघाटावरील गावांना तीही जवळची नाही.

तिसरा मार्ग जमिनीवरचा असूनही आकाशरेषेची बरोबरी करू पाहणारा आहे. नागपूरजवळ शिवमडका येथून निघून ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे पोहोचणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. रेल्वेने टाळलेला बालाघाट या रस्त्याने सरळ कापला. त्यामुळे ज्या सिंदखेड राजाला, जिजामातेच्या जन्मस्थानाला, आगगाडी कधी लाभली नाही, त्याच्या शेजारून आणि मेहकरच्या शिवारातून हा सहा पदरी रस्ता गेला. ताशी १२० किलोमीटरांच्या मर्यादेत राहून मोटार सुमारे आठ तासांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. ज्या अंतराला बैलांना दीड महिना लागे, ते आता एका दिवसाच्या उजेडात संपते.

परंतु हा रस्ताही वाटेल तेथे थांबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. ठराविक ठिकाणांवाचून त्यावर चढता किंवा उतरता येत नाही. ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्याला राहिलेल्या शेतातून मोटारी धावताना दिसतात. स्वतः त्या रस्त्याला लागण्यासाठी मात्र त्याला आधी उतारमार्गापर्यंत दुसऱ्या वाटेने जावे लागते. वेगाची किंमतही येथेच मोजावी लागली. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसे होरपळून मेली. मृतांना बुलढाणा पाहावयाचा नव्हता; त्यांना केवळ त्यातून जावयाचे होते. धावून गेले ते आसपासचेच लोक. ज्या मुलुखातून प्रवासी डोळे मिटून जातो, त्याच मुलुखाच्या हाती संकटकाळी त्याचा जीव असतो.

चौथी एक वाट आहे. ती अद्याप कागदावर आहे. खामगाव ते जालना हा लोहमार्ग व्हावा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याची पाहणी झाली, आश्वासने दिली गेली, निवडणुकांमागून निवडणुका आल्या आणि गेल्या. खामगावचा तो आठ मैलांचा फाटा दक्षिणेकडे वाढून घाट चढला आणि चिखली, देऊळगाव राजा या बाजूने जालन्यास मिळाला, तर पायनघाट आणि बालाघाट प्रथमच एका रुळाने जोडले जातील. मुंबई–नागपूर अंतर त्यामुळे एका किलोमीटरानेही कमी होणार नाही. म्हणूनच कदाचित या मार्गाची निकड टोकाच्या शहरांना वाटत नसावी. चिखलीच्या मुलाचे कॉलेज, देऊळगाव राजाच्या शेतकऱ्याचा बाजार आणि मेहकरच्या रोग्याचे रुग्णालय मात्र त्याने खरोखर जवळ येईल.

या सर्व हकिगतीवरून एक गोष्ट ध्यानात येते. दीड महिना, एक रात्र, अडीच तास, दीड तास : मुंबई आणि नागपूर यांच्यातील काळ असा आटत गेला, आणि त्याबद्दल कल्पक व कष्टाळू माणसांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु अंतराला दोन टोके असतात, तसे पोटही असते. टोकांचा हिशेब वेगाने होतो. पोटाचा हिशेब थांब्यांनी होतो. बैलाचा तळ पडला तेथे बाजार भरला. गाडी दोन-चार मिनिटे उभी राहिली तेथे पेठ आणि तीर्थ वाढले. विमाने एका रात्री एकमेकांची वाट पाहत उभी राहिली, म्हणून दूरच्या मुलाचे पत्र आईच्या हाती लवकर पडले. जेथे कोणी थांबले नाही, तेथे केवळ घरघर ऐकू आली.

चिखली–मेहकरच्या शिवारातील तो राखणदार अजूनही रात्री वर पाहतो. दिवा येतो आणि जातो. त्या दिव्याचा त्याला हेवा वाटत नाही. त्याच्या पलीकडे आपल्या गावासाठीही एखादे स्टेशन, एखादा उतारमार्ग, एखादी वेळेवर येणारी गाडी असावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्राच्या दोन टोकांमधले अंतर सव्वाचारशे मैलच राहणार आहे. ते कमी करणे कोणाच्याही हाती नाही. त्या रेषेखाली राहणाऱ्या माणसाचे अंतर मात्र कमी करता येण्यासारखे आहे.